पित्ताची म्हणून ठेवलेली गोळी

…तर शत्रुघ्न डॉक्टरांपुढे सदरा वर करून उभा, इथवर काल आलो होतो. "बरगड्या मोजा नि मग सांगा, चरबी कुठं हाय ती!" असं म्हणाला पठ्ठ्या. गोखिवऱ्याच्या त्या दवाखान्यात त्याची बायको कमळीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माणूस खरंच काडी. खाडीकाठच्या भातशेतीत जन्म गेलेला, अंगावर मांस साठायला फुरसत कुठली!

पण थोरला भाऊ हरेश असाच काडी होता, आणि ऐन कापणीत बांधावर बसला तो उठलाच नाही. म्हणून तर कमळीने नवऱ्याला ओढून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काका, ही चरबी रक्तातली. बारीक माणसालाही असते, तुमच्या तर घराण्यातच असावी. हृदयाच्या नळ्या आतून बुजवते. तळलेलं कमी करा, आणि ही गोळी रोज. दुखो न दुखो, रोज."

अडचण गोळीची नव्हती हो, शब्दाची होती. आमच्याकडे चरबी आली म्हणजे माज आला. जमीन विकून गाडी घेणाऱ्या एकेकाला शत्रुघ्नने भर नाक्यावर "चरबी चढली काय रे?" म्हणून सोललेलं. आता त्यानेच चरबीची गोळी खायची? "गावात कळलं तं तोंड दाखवायला जागा नाय," म्हणाला नि पाकीट कोनाड्यात फेकलं.

कमळीने तोड काढली. कुणी विचारलं तर सांगायचं, पित्ताची गोळी. तो खूष. जेवण झालं की ती विचारी, "पित्ताची घेतली?" तो मान डोलवी. घरातही तेच नाव रुळलं.

मग एका सकाळी तो वाडीतून छाती चोळत आला. घामाने निथळत होता. "कमळे, पित्त उसळलंय. गोळी दे." तिने पाकीट काढलं. जवळजवळ भरलेलं.

"रोज घेत होता ना?"

"रोज कशाला? पित्त झालं की घेतो ना!"

गोळी गिळून तो भिंतीला टेकला. कमळीने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला बांधावरचा हरेश दिसला. तिने मुलीला, रचनाला, हाक मारली ती किंकाळीच होती.

रिक्षा वेळेत मिळाली, जीव राहिला. पण हृदयाचा बराचसा भाग गेला तो गेलाच. नांगर, कोयता, सगळं संपलं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. खाटेशी बसून कमळीने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "नाव मीच बदललं. मीच घालवत होते तुम्हाला."

शत्रुघ्न तिच्याकडे बघत नव्हता. दाराशी रचना पाण्याची बाटली घेऊन उभी होती. बापासारखीच सडपातळ, खांद्याची हाडं वर आलेली. तिच्यावरची नजर न काढता तो म्हणाला,

"नाव तू बदललंस, पन धरून मी बसलो. रडू नको. उद्या रचनाला रगत तपासायला ने. लोकांनी इचारलं तं सांग, बापाची चरबी पोरीत हाय का ते बघायला चाललो."