विहीणबाईच्या तारा

अस्वल आमच्यापासून दोन खाटा मावतील एवढ्या अंतरावर मोहफुलं खात होतं आणि माझ्या विहीणबाईला शिंक येत होती. मी खाली बसलेली. माझे गुडघे असे आहेत की एकदा बसले की उठायला कोणाचा तरी हात लागतो. विहीण माझ्यामागे उभी होती, नाक चिमटीत धरून, तोंड उघडं टाकून, आणि त्या उघड्या तोंडात वरच्या-खालच्या दातांना ताराच तारा. ज्यांनी माझ्या विहिणीची शिंक ऐकली नाही त्यांना हे संकट कळायचं नाही. साऱ्या झाडीपट्टीत तशी शिंक दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि तशी बाईही दुसरी नाही, हे मी सत्तरी ओलांडल्यावर सांगते आहे. बायका मी पुष्कळ पाहिल्या.

माझी लेक तिच्या घरी दिली आहे, धानोऱ्याकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. मी चिमूरकडची. नवरा गेल्यापासून मोहाच्या दिवसांत मी लेकीकडे जाते आणि मोह संपला की परत येते. लेकीच्या सासरी इतके दिवस राहू नये असं मला पुष्कळांनी सुनावलं. विहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "लोकायले काय होते, ईनबाई? लोकं येतात का आपल्यासंग मोह वेचाले?" तेव्हापासून मी कपडे जरा जास्तच घेऊन जाते.

तर तारा. विहिणीचे समोरचे दात पहिल्यापासून एकावर एक चढलेले. हसू आलं की पदर तोंडावर जायचा. लेकीच्या लग्नापासून मी तिला पाहते, पण तिचं हसणं मी फक्त डोळ्यांत पाहिलं होतं. दोन वर्षांमागे तिची दाढ ठणकली म्हणून चंद्रपूरला दाखवायला नेलं. तिथली डॉक्टरीण कोवळी पोर. ती म्हणाली, आजी, तुमच्या दातांची एवढी दाटी आहे की ब्रश आत जातच नाही, म्हणून दात किडतात. लहान मुलांचे असे दात आम्ही तारा लावून सरळ करतो. विहीण म्हणाली, "मंग माहे काऊन नाई करत?" हिरड्या मजबूत असतील तर वयाचं काही नाही, असं डॉक्टरीण बोलून गेली. हिरड्या मजबूत निघाल्या. विहिणीनं स्वतःच्या बकऱ्या विकल्या आणि साठी झालेली बाई शाळेतल्या पोरींसारख्या तारा लावून एसटीनं घरी आली. माझ्या लेकीनं मला रडत फोन केला, "आई, सासूबाईनं दाताले तारा लावून आणल्या वो! गावात तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, "तुह्या दाताले तं नाई लावल्या ना? मंग तू काऊन रडून राह्यली?" आणि फोन ठेवला. पण मलाही राहवलं नाही, आठवड्यात जाऊन बघून आले. बैलाला मुसकं बांधल्यासारखं दिसत होतं. तसं मी तिला तोंडावर सांगितलं. ती एवढी हसली की पदर घ्यायचं विसरली. पुढे तर तिनं पदर सोडूनच दिला, कारण तारा सगळ्यांना दाखवायच्या होत्या.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग फागुन आला. आमच्याकडे फागुन-चैतात आंब्याला मोहर, झाडांचा पाला खाली, हवेत भुसा नि धूळ, आणि त्यात मोह वेचणारे लोक झाडाखालची जागा साफ व्हावी म्हणून पाला जाळतात, त्याचा धूर. विहिणीचं नाक होळीच्या आसपास जे बंद होतं ते मोह संपेपर्यंत उघडत नाही. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात. ती म्हणते, "माहा हंगाम सुरू झाला." आधी ती नुसती शिंकायची. तारा आल्यावर नवीनच प्रकार झाला. नाक बंद म्हणून तोंडानं श्वास, त्यानं तोंड कोरडं, कोरडे ओठ तारांना चिकटायचे, आणि शिंक आली की आतून ओठ सोलून निघायचा. शिंकांची गोळी घेतली तर तोंड आणखीच कोरडं पडे आणि ती भरदुपारी भाकरी थापताना पेंगायची. डॉक्टरीणबाईनं फोनवर उपाय सांगितले. घोट घोट पाणी पीत राहा, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, वाफ घ्या, जिथं टोचते तिथं तारेवर मेण दाबा, बाहेरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदला. दुसरी एखादी यातलं निम्मं करून सोडून देते. विहिणीनं सगळं केलं आणि सगळ्या घराकडून करवून घेतलं. जंगलातून आलेल्या माणसाला हातपाय-तोंड धुतल्याशिवाय घरात पाय टाकू देत नव्हती. जावई एकदा तसाच आत शिरला तर त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. धुतलेले कपडे कुंपणावर टाकायची बंदी झाली, कारण त्यांना धूळ लागते. ते आत वाळायचे, आणि आम्ही लुगड्यांच्या गल्लीतून वाट काढत चुलीपाशी जायचो.

तिच्या खांद्याला एक थैली असते. थैलीत पाण्याची बाटली, मिठाची पुडी, बारका ब्रश, मेणाची डबी आणि हातात मावेल एवढा आरसा. काहीही खाल्लं की ती उठते आणि दात घासते. लग्नाच्या जेवणात पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून घासते, बाजारात भजं खाल्लं तर बाजारात घासते. एकदा आम्ही दोघी एका मयताच्या घरी भेटायला गेलो. तिथं चहा झाला. सगळे गप्प बसलेले, तिकडे म्हातारी डोळे पुसते आहे, आणि ही उठून हळूच विचारते, "मोरी कुठी हाये वो?" मला भुईत जावंसं वाटलं. पण नंतर ती म्हातारी माझ्या लेकीला म्हणाली की त्या दिवसांत तिला हसू आलं ते एवढंच एकदा.

मेणाचा तर वेगळाच किस्सा. डॉक्टरीणबाईनं दिलेलं मेण संपलं. चंद्रपूर काही शेजारी नाही. पण घरात मधाच्या पोळ्याचं मेण होतं, आणि विहीण म्हणाली, मेण ते मेण. तिनं ते चुलीपाशी मऊ केलं, चांगला लिंबाएवढा गोळा घेतला, वरच्या-खालच्या तारांवर थापला, आणि बसावं म्हणून वरून माठातलं गार पाणी तोंडात घेतलं. मेण बसलं. तोंडासकट बसलं. वरचे दात खालच्यांना असे धरले गेले की ती हातानं खुणा करत घरभर फिरायला लागली. जावई घाबरला, लेक फोन शोधायला धावली. मी म्हटलं, "घाई करू नका, एवढी शांतता या घरात कधी भेटते?" विहिणीनं मला डोळे वटारले. शेवटी गरम पाण्याचे घोट घेऊन ते सुटलं, आणि सुटल्यावर पहिलं वाक्य आलं, "ईनबाई, तुमाले पाहून घेईन मी!"

शिंकेची तर तिनं रीतच बसवली होती. शिंक येतेसं वाटलं की आधी एक बोट वर. बोट वर गेलं की घरातले सगळे आपापलं ताट, वाटी, लेकरू सांभाळायचे. मग ती जिभेनं ओठ ओले करायची, अंगठ्यानं मेण दाबायची, दोन्ही तळव्यांनी गाल धरायची, म्हणजे ओठ तारांवर आपटत नाही. आणि मग शिंकायची. गोठ्यातलं वासरू दावं ताणून उभं राहायचं. विहारात वंदनेच्या वेळी एकदा बोट वर गेलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका न बघताच बाजूला सरकल्या.

पाल्याच्या धुराचा बंदोबस्तही तिनंच केला. आपल्या झाडाखाली पाला जाळायचा नाही, असं तिनं ठरवलं. पण पाल्यात पडलेलं फूल वेचायचं कसं? तिनं गल्लीतून जुनी लुगडी मागून आणली, एकाला एक शिवली आणि मोहाखाली अंथरली. फुलं लुगड्यावर पडायची, सकाळी गोळा करायची. माझंही एक हिरवं लुगडं तिनं घेतलं. जाणारे-येणारे विचारायचे, "काऊन वो बाई, कोणाचं लगीन हाये इथी?" ती तारा दाखवून म्हणायची, "माहंच हाये, या जेवाले!" यंदा त्या गावात आणखी काही झाडांखाली मी लुगडी अंथरलेली पाहिली. तेवढा धूर कमी झाला.

आता त्या सकाळचं. मोहाला जायचं ते उजाडताना, आणि जायचं ते बोलत. आमच्याकडच्या बायका शेत ओलांडलं की मोठमोठ्यानं गप्पा सुरू करतात, काठी आपटतात, एकमेकींना हाका मारतात. अस्वलालाही मोहफूल आवडतं, आणि ते आपल्या आधी येऊन बसलेलं असतं. माणसाचा आवाज आला की ते आपलं आपण निघून जातं. अचानक समोर आलं तर मात्र धरतं. आम्हा दोघींत बोलायचं काम विहिणीचं. मी फारशी बोलत नाही, आणि तिच्याबरोबर असताना कोणाला बोलायची गरजही पडत नाही. पण आदल्या दिवशी तिच्या तारेचं मागचं टोक सुटलं होतं आणि गालात टोचत होतं. दुपारच्या एसटीनं चंद्रपूरला जायचं ठरलं होतं. सकाळी तिनं मेण लावलं, नाकातोंडावर ओला रुमाल बांधला आणि गप्प राहिली. बाकीच्या बायका पुढच्या झाडांकडे गेल्या. आम्ही आमच्या झाडाखाली न बोलता पोचलो. दोघींच्याही हे ध्यानात आलं नाही.

मी लुगड्यावर बसून वेचत होते. तिनं रुमाल सोडला होता. थोड्या वेळानं मी मान वर केली तर तिचं बोट वर. मी आपली सवयीनं तोंड फिरवलं, अंगावर नको म्हणून. तोंड फिरवलं तिकडे अस्वल होतं.

ते पळसाच्या झुडपांतून आलं असणार. लुगड्याच्या दुसऱ्या टोकाला तोंड खाली घालून, सूं सूं करत फुलं ओढत होतं. त्यानं आम्हाला अजून पाहिलं नव्हतं. मी उठायला हात टेकला, तर विहिणीचा हात माझ्या खांद्यावर आला आणि मला खाली दाबलं. दुसऱ्या हातानं तिनं नाक धरलं होतं. बोट तिनं अस्वलासाठीच वर केलं होतं, पण आता शिंकही खरीच येत होती. तिचं अंग थरथरत होतं ते मला खांद्यावर कळत होतं. तिच्यामागे शेताचा धुरा, म्हणजे बांध होता, वाट मोकळी होती, तिचे पाय माझ्यापेक्षा बरे आहेत. ती हलली नाही. शिंक वर येई, ती ओठ दातांवर दाबून खाली ढकली, पुन्हा वर येई. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. हनुवटीवरून एक लाल थेंब माझ्या हातावर पडला, मग आणखी पडले. अस्वल खात खात माझ्या हिरव्या लुगड्यापर्यंत आलं. एकदा मान उचलून त्यानं आमच्याकडे पाहिलं. काय पाहिलं ते त्याला माहीत. मग वळलं आणि नाल्याकडे उतरून गेलं.

तरीही ती शिंकली नाही. मला हाताला धरून उठवलं, टोपली तिथंच टाकली, आणि मला धुऱ्यापर्यंत चालवत नेलं. धुऱ्यावर आल्यावर तिनं माझा हात सोडला, गाल धरले आणि जे अडवून ठेवलं होतं ते सगळं बाहेर काढलं. गावातून माणसं काठ्या घेऊन धावत आली.

चंद्रपूरला डॉक्टरीणबाईनं तारेचं टोक कापलं. खालच्या ओठाला आतून एक टाका घालावा लागला. तिनं विचारलं, "आजी, असं कसं झालं?" विहिणीनं सांगितलं. पोरगी हातातलं काम सोडून ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण अशी शिंक अडवायची नसते हो. देऊन टाकायची, आणि मागे सरकायचं."

"दिली असती ना," विहीण म्हणाली, सुजल्या ओठानं. "पर ईन खाली बसून होती. तिले लवकर उठता येत नाई."

एवढंच. जसं काही भाजीत मीठ का कमी पडलं ते सांगते आहे. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसले. बाहेर आल्यावर म्हटलं, "ईनबाई, काही खाता का?" ती म्हणाली, "नरम असन तं खातो." मी तिला आईस्क्रीम घेऊन दिलं. तिला मधूनच माझं बैलाचं मुसकं आठवलं आणि ती हसायला लागली, टाका दुखतो म्हणून थांबली, पुन्हा हसली. आईस्क्रीम खाऊन झाल्यावर रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं दात घासले. मी बाटली धरून उभी राहिले. तिच्या दात घासण्यासाठी मी थांबले ते तेव्हा पहिल्यांदा, एरवी मी पुढे चालू लागते.

पावसाळा संपला की तारा निघतील म्हणतात. दात आता सरळ रांगेत आले आहेत, तोंडही बदललं आहे, आणि मला त्या तारांची सवय झाली आहे. पुढच्या मोहाला माझे गुडघे मला तिथपर्यंत नेतील की नाही सांगता येत नाही. विहीण म्हणते, खाटेवर घालून नेईन, वेचायचं मी पाहते, तुम्ही नुसतं बोलत राहा. बोलणं मला जमत नाही, पण यंदापासून जंगलात मी मोठ्यानं बोलते, काहीबाही, तोंडाला येईल ते. माझ्या माणसांपैकी आता थोडीच उरली आहेत. नवरा गेला, दोन्ही भाऊ गेले, बरोबरीच्या बायका गेल्या. त्या सकाळी त्या मोहाखाली मी होते आणि माझी विहीण होती. आम्ही दोघीही जिवंत आहोत.