रिकामा चमचा

पाळणाघरात दुपारी जेवायला बसणाऱ्या पोरांच्या दोन जाती, असं मावशी म्हणायच्या: थुंकणारी आणि साठवणारी. थुंकणारं पोर परवडलं. त्याच्या मनात काय आहे ते निदान आपल्या कपड्यांवर दिसतं. साठवणारं पोर शहाण्यासारखा घास घेतं, तोंड मिटतं आणि तो गालात ठेवून खिडकीबाहेर बघत बसतं. हात धुऊन झाले, गाद्या घातल्या, तरी गाल फुगलेलाच. "म्हातारपणाची सोय करून ठेवतात मेली," असं म्हणत मावशी पुढच्या पोराकडे सरकायच्या.

साठवणाऱ्यांवर त्यांच्याकडे एक उपाय होता. भरल्या तोंडाच्या पोरापुढे त्या रिकामा चमचा धरायच्या. खालच्या ओठाला टेकवायचा, जिभेवर हलकेच दाबायचा, काढून घ्यायचा. जिभेला वाटतं नवं काहीतरी आलं, ती सवयीने मागे सरते आणि आधीचा घास खाली उतरतो. हे त्या सासूला भरवताना शिकल्या होत्या. झटका आल्यावर सासू अंथरुणाला खिळली ती खिळलीच, आणि शेवटपर्यंत तिचं सगळं मावशींनी केलं.

पाळणाघरात त्यांनी या उपायाला थोडी धार लावली. चमचा दोनदा रिकामा यायचा आणि तिसऱ्यांदा भरलेला. रिकाम्याला तोंड उघडायला शिकलेलं पोर भरलेल्यालाही उघडायचं. सासूवर हा प्रयोग त्यांनी कधी केला नव्हता. का नाही, असं स्वयंपाकीणबाईंनी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला दात होते."

जेवणं झाली की पाळणाघराच्या मॅडम लख्ख रिकाम्या ताटल्यांचे फोटो काढून आयांना पाठवायच्या. त्यामुळे ताटली रिकामी होणं हेच मावशींचं काम होतं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी न्यायला आलेल्या आया म्हणायच्या, "मावशी, घरी आमच्या नाकी नऊ आणतो हो. तुमच्या हाताला काय आहे?" मावशी हसायच्या. हे कौतुक त्यांना फार आवडायचं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल त्यांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

मग त्यांचा स्वतःचा नातू आला.

लेकीचं लग्न मोडलं होतं. जावई दुसरीबरोबर राहायला लागला होता. लेकीला दूरच्या गावी मासे गोठवायच्या कारखान्यात नोकरी मिळाली, पण राहायची सोय बायकांच्या वसतिगृहात, तिथे मूल चालत नाही. कारखान्याची खोली मिळेपर्यंत पोराला आजीकडे ठेवायचं ठरलं. जावयाची आई, म्हणजे विहीणबाई, ही बोलणी करायला स्वतः आल्या होत्या. त्या आवाज चढवत नसत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची.

"ठेवा तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण पोर वाळायला लागलं तर मी घेऊन जाईन. मग रडारड नको."

"माझ्याकडे पोर वाळेल?" मावशींना हसू आलं. "विहीणबाई, लोकांची पोरं जेवत नाहीत म्हणून माझ्याकडे आणतात."

लेक मात्र निघताना दारात घुटमळली. "आई, त्यांच्याकडे एकदा रमला ना, तर मी त्याची कुणी राहणार नाही. तेवढं सांभाळ."

पोराचं नाव घरात ढब्बू पडलं होतं. जन्मला तेव्हा तसा होता म्हणून. आता दीड-दोन वर्षांचा, हातपाय काड्या आणि डोळे मोठे. मॅडमनी त्याला बरोबर आणायची परवानगी दिली. आई गेल्यावर आठवडाभरातच तो साठवायला लागला. मावशी जराही घाबरल्या नाहीत. त्यांनी चमचा काढला. रिकामा, रिकामा, भरलेला. ढब्बूची ताटली सगळ्यांत आधी रिकामी व्हायची. मॅडमनी तिचाही फोटो काढला आणि मावशींनी तो लेकीला पाठवायला लावला.

महिना उलटायच्या आत उशीवर बटाट्याचा लगदा दिसायला लागला. सकाळी पांघरूण झटकताना त्यातून चघळून पांढरी पडलेली गाजराची गोळी पडायची. ढब्बू घास घ्यायचा पण उतरवायचा नाही. मावशी रिकामा चमचा पुढे करायच्या, तर तो ओठ आवळून घ्यायचा आणि चमच्याच्या खोलगट भागाकडे नजर लावून बसायचा. त्यांनी चमच्याची गाडी केली, पक्षी केला. मग नाक दाबून पाहिलं. तेव्हा तोंड उघडलं, पण आतला घास होता तिथेच होता, आणि त्यावर आणखी एक गेला.

"तुला एक सांगू?" स्वयंपाकीणबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "रागावू नकोस."

"म्हणजे रागवायचंच काहीतरी असणार."

"ही बाकीची पोरं संध्याकाळी घरी जातात. तिथे आई भरवते, बाप भरवतो. ह्याला सकाळी तू, दुपारी तू, रात्री तू. ह्याने कुणाच्या चमच्यावर विश्वास ठेवायचा?"

"तू कांदा चीर."

"चिरतेच आहे. तो तुझ्याकडे बघत नाही गं, चमच्याकडे बघतो. चोरावर नजर ठेवावी तसा."

मावशी त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी घरी त्यांनी चमचा धुतला, पुसला, ढब्बूला उलटा करून दाखवला. "हे बघ राजा, काही नाही. आजी खरं बोलतेय." आणि त्या दिवशी त्या खरंच खरं बोलत होत्या. रिकामा म्हणजे रिकामा, कितीही वेळा. ढब्बूने तोंड उघडलं नाही. मग दवाखान्यात त्याचं वजन करायचा दिवस जवळ आला, तशा त्या तिसरा चमचा पुन्हा भरायला लागल्या. दुसरं त्यांना काही येत नव्हतं.

नातवाचं वजन बघायला विहीणबाईही दवाखान्यात आल्या होत्या. मावशींनी सकाळपासून पोराला केळं, अंडं, खीर, मिळेल ते भरवलं होतं आणि उन्हाळ्याच्या दिवसांत जाड बूट घातले होते. नर्सने बूट काढायला लावले. काट्याकडे पाहून डॉक्टर म्हणाले, "आजी, मागच्या वेळेपेक्षा कमीच आहे."

"यंत्र हलतंय ते," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांनी ढब्बूची हनुवटी धरून तोंड उघडलं आणि दोन्ही गालांतून बोटाने घास काढले. केळं होतं, अंडं होतं. नर्सने पुढे केलेल्या भांड्यात त्याचा बऱ्यापैकी ढीग झाला. ढब्बू रडला नाही. गाल मोकळे झाल्यावर त्याचा चेहरा एवढासा दिसला.

"वजन गालात होतं म्हणायचं," विहीणबाई म्हणाल्या. मग नेहमीच्याच आवाजात, "महिनाभर माझ्याकडे राहू दे. मग या न्यायला. मी अडवणार नाही."

मावशींना वाटलं होतं भांडण होईल. भांडणाची त्यांनी तयारी केली होती. पण भांड्यातला ढीग समोर होता आणि त्यांनी पोराला विहीणबाईंच्या कडेवर दिलं. घाईत बूट त्यांच्याच पिशवीत राहिले.

लेकीचा रोज फोन यायचा. "आई, महिना झाला की लगेच आण हं. खोलीचं जवळजवळ झालंय. तुझ्याकडूनच येईन घ्यायला." मावशी हो म्हणायच्या. पाळणाघरात त्या पूर्वीसारख्याच भरवत होत्या. ताटल्या रिकाम्या होत होत्या.

महिना झाला त्या रविवारी त्या बूट घेऊन विहिणीकडे गेल्या. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर घर. जिना चढून त्या दारात पोहोचल्या तेव्हा आत जेवणं चालली होती. विहीणबाई आणि व्याही कुठल्याशा भाडेकरूवरून वाद घालत होते.

"तो म्हणतो नळ आधीच गळत होता."

"आधी गळत होता तर तोंड शिवलं होतं का त्याचं?"

ढब्बू आजोबांच्या मांडीला टेकून बसला होता. त्याला वेगळी ताटली नव्हती. तो आजोबांच्या ताटातला भात मुठीने उचलत होता, अर्धा सांडत होता, उरलेला तोंडात घालून चावत होता. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. गळ्याशी बारीकशी हालचाल झाली, आणि हात पुन्हा ताटात गेला. त्याचं पोट जरा पुढे आलं होतं. मावशी दारातच उभ्या राहून बघत राहिल्या. पोर घास गिळताना बघायची त्यांची आयुष्यभराची सवय, पण इतका सोपा गिळलेला घास त्यांनी पाहिला नव्हता.

मग ढब्बूने मान वर केली.

जबडा थांबला. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ हातांकडे पाहिलं. डावा गाल हळूहळू फुगला.

"अरे, आजी आली बघ तुझी," विहीणबाई म्हणाल्या. "या, बसा. जेवूनच जा घेऊन त्याला. कपडे भरून ठेवलेत मी."

मावशी बसल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे नेले. "जेव राजा, जेव. मी काही नाही करत." नळाचा वाद थांबला होता. ढब्बू ओठ आवळून बसला होता, गाल तसाच, नजर त्यांच्या कोपरांवर. आजोबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. काही उपयोग झाला नाही.

"दोन दिवसांत सवय होईल पुन्हा," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"हो," मावशी म्हणाल्या. "कशाची, ते मला माहीत आहे."

त्या उठल्या, बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्यात सायकलच्या तेलाचा वास होता. त्या दारालाच टेकून उभ्या राहिल्या. मग नळाचा वाद पुन्हा सुरू झाला, आधी हळू, मग नेहमीसारखा. आणि मधेच व्याह्यांचा आवाज आला, "उतरला गं घास. दुसरा घेतोय."

पिशवीत फोन वाजला.

"आई, निघालात का दोघं?"

मावशींनी पिशवीतून बूट काढले आणि दाराबाहेरच्या चपलांच्या रांगेत, आजोबांच्या चपलांशेजारी ठेवले.

"मी निघालेय," त्या म्हणाल्या.