आत्याचा मान

वडील गेल्यावर थोड्याच दिवसांत भाऊ माझ्या वरसे गावातल्या घरी आला. जिते गावातल्या आमच्या भातशेतावरचा हक्क सोडल्याची माझी सही त्याला हवी होती. "बहिणीला शेत कशाला गो? माहेरचा मान हाय ना तुला," म्हणाला. दिलेला चहा त्यानं तसाच गार होऊ दिला. शेवटी मी सही केली. त्यानंतर त्याचं वाटोळं व्हावं असं मला रोज वाटायचं.

पुढे त्याला मुलगी झाली आणि बारशाचं आमंत्रण आलं. नाव ठेवायचा मान आत्याचा. मग तो पुरेपूर घ्यायचं मी ठरवलं.

रोह्यात मी शिवणकाम शिकायला जायची, तिथे शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, काकी राहायच्या. आपल्यासारखंच मराठी बोलायच्या, पण शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. त्यांच्या नातीचं नाव नोआ. हिब्रू नाव, अर्थ हालचाल. फार जुन्या काळी पाच बहिणी होत्या, त्यांतली एक नोआ. त्यांचा बाप वारला, भाऊ नव्हता, आणि जमीन नात्यातल्या पुरुषांकडे निघाली. तेव्हा या पाचजणी सगळ्या जमातीसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा मागून घेतला, असं काकी सांगायच्या.

मी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तेच नाव कुर्रर्र केलं. रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. इतके गोड बुक्के मी कधी खाल्ले नव्हते.

"झक्कास हाय. अर्थ काय गो?" भावानं विचारलं.

"हालचाल. गप्प न बसणारी," मी म्हटलं. बाकीची गोष्ट राखून ठेवली. उद्या हिला धाकटा भाऊ होईल, शेत त्याच्या नावावर चढेल, तेव्हा मी हिला ती सांगणार होते. मग हीच पोर बापाच्या उरावर बसली असती.

पण दुसरं मूल झालंच नाही. गेल्या दिवाळीत भाऊ नोआला खांद्यावर घेऊन बांधावर उभा होता. मला म्हणाला, "हे सगळं हिच्याच नावावर करणार हाय. पोरगी झाली म्हणून काय झालं?"

माझ्या अंगाची आग आग झाली. पोरीला शेत देता येतं, हे त्याला कळत होतं तर!

"दे की," मी म्हटलं. "आपल्या बाबांना पण एक पोरगी होती, तेवढं तिला सांग. तुला जमत नाय तर मी सांगते."

त्यानं नोआला खांद्यावरून खाली उतरवलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण गो आत्या, ती पोरगी?"