हा डबा कुणाचा?

दस्तगीरभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी विहिरीवरच होतो. पुढच्या आठवड्यात आमच्या राजुरीत शोकसभा झाली. सरपंच म्हणाले, "त्या वेळी गुरुजी नसते, तर पोलिसांनी दस्तगीरभाईंना सोडलं नसतं." लोकांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मी गप्प बसलो... पुन्हा एकदा. म्हणून हे लिहितो आहे.

दस्तगीरभाई विहिरींवरच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचे. लाइट कधी येईल याचा नेम नसायचा. ती आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करणारा 'ऑटो' ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून द्यायचे. आत मोटर वेळेवर बंद करायला जुनं गजराचं घड्याळ आणि लाल-काळ्या वायरी. मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्या वर्षी असाच एक डबा ते माझ्यासाठी घेऊन एसटीनं निघाले होते. मी त्याच गाडीत, दोन बाकं मागे. नाक्यावर गाडी थांबली, ते तंबाखू आणायला उतरले. कंडक्टरनं बाकाखालचा डबा पाहिला. आत टिकटिक चाललेली.

"हा डबा कुणाचा?"

मला ठाऊक होतं. पण सगळी गाडी एकमेकांकडे अशी बघत होती, की 'माझा' म्हणणारा तिथल्या तिथे परका झाला असता... मी गर्दीबरोबर खाली उतरलो. दस्तगीरभाई परत आले, "अवो, माझा हाय त्यो," म्हणाले, आणि पोलीस त्यांना चौकीत घेऊन गेले.

मी चहाच्या टपरीवर बसून राहिलो. गाडीतल्या एका बाईनं गावात फोन केला. मी नव्हे. दुपारपर्यंत चौकीसमोर गावचा ट्रॅक्टर आला. त्यात दहा-बारा शेतकरी, प्रत्येकाच्या मांडीवर विहिरीवरून सोडवून आणलेला डबा. म्हाताऱ्या बबननं आपला डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. "सायेब, आमच्याकडं बी हाय बॉम्ब. रोज ऊस भिजवतो!" साहेबांनाही हसू आवरलं नाही. अर्ज लिहायला गुरुजी हवेत, म्हणून मला पुढं ढकललं. रिवाजाप्रमाणे पहिली सही माझी झाली, दस्तगीरभाई सुटले, आणि त्या सहीवर सगळं श्रेय मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाई डबा बसवायला आले. काम झाल्यावर त्यांनी झाकणावर ऑइल पेंटनं माझं नाव लिहिलं.

"हे कशाला?"

"पुन्यांदा कुणी इचारलं, तर तुमाला बोलाय नको गुरुजी. डबाच सांगंल."

माझी मान वर होईना. तेच हसले. "आता च्या तरी सांगा की राव!"

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक डब्यावर मालकाचं नाव असायचं. पुढंही स्फोटांच्या बातम्या आल्या. आमच्याकडच्या गाडीत बेवारस पिशवी दिसली की लोक अजून घाबरतात, पण आधी नाव शोधतात, मग खिडकीतून हाका मारतात, "ओ पावणं, तुमची का?"

काल पाहिलं, माझ्या डब्याच्या झाकणावरचं नाव पुसट झालं होतं. रंग आणून गिरवलं, आणि त्याखाली त्यांचं नाव लिहिलं. रंग ओला होता तोवरच लाइट आली. डब्यात खट्‌ वाजलं, आणि मोटर सुरू झाली.