दाराबाहेरच्या चपला, सव्हाना

या सदरातले अनुभव मी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं मिळून त्यातली खोट काढतो. आमचा आवडता उद्योग आहे तो. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय हे पाहून मिलिंद भांडी लावता लावता हसतोय. हसू दे.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आम्ही नागपूरचे, बौद्ध. आमच्या घरात भूत, दृष्ट, उतारा, अंगात येणं... यातलं काहीच चालायचं नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आईही शिक्षिका. वस्तीत कोणाच्या अंगात आलं की बाबा जाऊन त्या बाईला प्यायला पाणी द्यायचे आणि घरच्यांना डॉक्टरचा पत्ता. अशा घरात वाढलेल्या बाईने लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

गोष्ट २००६ च्या मे महिन्यातली. तेव्हा आम्ही अटलांटाजवळ राहायचो, दोघंही आयटीत. आदल्या हिवाळ्यात बाबा हार्ट अटॅकने गेले, अगदी अचानक. मी नागपूरला जाऊन आईला सोबतच घेऊन आले. आणि आई बोलेनाशी झाली. हो, नाही, जेवले, झोपते... बस. रडलीसुद्धा नव्हती. अख्ख्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणारी माझी आई अपार्टमेंटच्या खिडकीशी बसून दिवसभर पार्किंग लॉट बघायची. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या, त्या ती नकार न देता टेबलावर तशाच ठेवायची. जुलैत तिचा व्हिसा संपणार होता. ही अशीच परत गेली तर त्या रिकाम्या घरात हळूहळू विझून जाईल, या भीतीने मला झोप लागत नव्हती.

मेमोरियल डेचा, म्हणजे सोमवारच्या सुट्टीचा, लाँग वीकेंड आला तेव्हा मिलिंद म्हणाला, चला, सव्हानाला जाऊ. चार तासांचा ड्राइव्ह, जवळ समुद्र, जुनं शहर, आईंना बरं वाटेल. मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्याकडे दुसरा काही उपायही नव्हता.

सव्हाना खरंच देखणं आहे. दर दोन गल्ल्यांनंतर एक हिरवागार चौक, त्यात ओकची प्रचंड झाडं आणि त्यांच्या फांद्यांवरून खाली लोंबणाऱ्या करड्या जटा. नदीकाठी ओबडधोबड दगडांचा रस्ता, मिठाईच्या दुकानांतून येणारा तापलेल्या साखरेचा वास, घोडागाड्या. आणि हो, त्या गावात भुतांचा धंदा जोरात चालतो. कोपऱ्याकोपऱ्यावर घोस्ट टूरच्या पाट्या! मिलिंद त्या मोठ्याने वाचत होता आणि मी आईकडे बघत होते. ती कुठेच बघत नव्हती.

आमचं बेड अँड ब्रेकफास्ट म्हणजे एका चौकाला लागून असलेलं जुनं तीन मजली घर. मालकीण सत्तरीची, गोरी, हसतमुख. सगळे तिला मिस कॅरोलिन म्हणायचे, तिकडे तशीच पद्धत आहे. आमची खोली वरच्या मजल्यावर. बाहेर लांब लाकडी पॅसेज, एका टोकाला चौकावर उघडणारी गॅलरी, दुसऱ्या टोकाला मागच्या अंगणात उतरणारा अरुंद जिना. हा जिना दोरी लावून बंद केलेला होता.

आता आमची चूक. आईने सवयीने खोलीच्या दाराबाहेर चपला काढल्या. तिचं बघून मी काढल्या, माझं बघून मिलिंदने आपले चामड्याचे बूट काढले. अमेरिकेत इतकी वर्षं राहून हॉटेलात आम्ही असं कधी केलं नव्हतं. पण ते घर होतं ना, हॉटेल वाटतच नव्हतं.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर सगळी पायताणं ओळीने लावलेली, टाचा दाराकडे, म्हणजे बाहेर पडताना सरळ पाय घालता यावा. आणि मिलिंदचे बूट चकचकीत. नवे घेतले तेव्हाही इतके चमकत नसतील. मिलिंद खूश झाला, म्हणाला, याला म्हणतात सर्व्हिस.

ब्रेकफास्टला मी मिस कॅरोलिनचे आभार मानले, तर ती गोंधळली. पूर्वी अशा घरांमध्ये पाहुणे पॉलिशसाठी जोडे दाराबाहेर ठेवत, असं ती म्हणाली, पण आता ते कोण करतंय? तिच्याकडे साफसफाईला एकच बाई होती आणि ती लाँग वीकेंडला घरी गेली होती. खोलीत आल्यावर मिलिंदने निकाल देऊन टाकला. "मार्केटिंग आहे यार. घोस्ट टूरवाल्यांशी सेटिंग असणार हिचं."

मलाही तेच वाटलं. पण खोट नेमकी कुठे आहे हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यात शनिवारी नदीकाठच्या दगडांवर आईच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला. तिने ती तशीच हातात धरून आणली आणि दाराबाहेर ठेवली. रविवारी सकाळी बघितलं तर चपला पुन्हा ओळीत लावलेल्या होत्या, पण तुटका अंगठा तसाच होता. मिलिंद म्हणाला, मिस कॅरोलिनला चांभारकाम येत नाही वाटतं.

त्या दिवशी आम्हाला बीचवर जायचं होतं. आईला मी माझे फ्लोटर्स दिले, आणि तिच्या चपला, मिलिंदचे बूट मुद्दाम बाहेरच ठेवले. मिस कॅरोलिन आमच्या देखत चर्चला निघाली, तिथून बहिणीकडे जेवायला जाणार होती. दुसरे पाहुणे सकाळीच चेकआउट करून गेले होते. सगळ्यांत शेवटी आम्ही निघालो. मिलिंदने पुढच्या आणि मागच्या दाराला बाहेरून, चौकटीच्या अगदी खाली, सेलोटेपचे तुकडे चिकटवले. मिशा काढल्यापासून त्याने इतक्या गंभीरपणे काही केलेलं मी बघितलं नव्हतं.

दुपारी परत आलो. दोन्ही टेप जशाच्या तशा. घरात कोणी नाही. वर गेलो तर पॅसेजमध्ये पॉलिशचा वास. बूट चमकत होते, बोट लावलं तर बोटाला तपकिरी डाग लागला, म्हणजे अजून ओलं होतं. आणि आईच्या चपलेचा अंगठा शिवलेला. जाड, मेण लावलेल्या दोऱ्याने, बारीक, एकसारखे टाके.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. मला बाबा आठवले. दर रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून बाबा घरातल्या सगळ्यांचे जोडे पॉलिश करायचे. आणि तो रविवार होता. विज्ञान, विवेक सगळं बाजूला पडलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. "आई," मी म्हटलं, "बाबा असतील का गं?"

आईने चपला उचलल्या, उलट्या केल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना बटण तरी लावता येत होतं का?"

कित्येक महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी रडू की हसू, मला कळेना.

"हा दुसरा कोणी आहे," आई म्हणाली. "याला सांगून ठेवलं आहे कोणीतरी. दाराबाहेर जोडा दिसला की करायचा."

संध्याकाळी मिस कॅरोलिन परत आली तेव्हा आई आपण होऊन खाली उतरली. मला दुभाषी व्हावं लागलं. पूर्वी इथे जोडे कोण करायचं, असं आईने विचारलं. मिस कॅरोलिन म्हणाली, नोकर माणसं. मागच्या अंगणात स्वयंपाकघर होतं, त्याच्या वर ती राहायची, त्या बंद जिन्याने वर यायची. आई म्हणाली, नोकर की गुलाम, ते विचार. मी जरा मऊ शब्दांत विचारलं. मिस कॅरोलिनने टेबलावरचं फूल नीट केलं आणि म्हणाली की घर सिव्हिल वॉरच्या आधीचं आहे, तेव्हा... गुलामच.

"त्यांना सुट्टी असायची का? विचार न तिला."

मी विचारलं. या घराबद्दल लोक खूप काही विचारतात, मिस कॅरोलिन म्हणाली, झुंबर कुठलं, जिना कोणत्या लाकडाचा, पण हे कोणी विचारलं नव्हतं. असेल असं मला वाटत नाही, असं ती शेवटी म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. मला तिचंही वाईट वाटलं.

जिना चढताना आई मला म्हणाली, "माझे आजोबा वेठीला जायचे. पाटलाचा निरोप आला की ताटावरून उठून." मला हे बाबांकडून माहीत होतं. आई स्वतः कधीच बोलली नव्हती.

वर आल्यावर तिने सगळ्यांचे जोडे उचलून खोलीत आणले आणि भिंतीशी ठेवले. मग खोलीतली वेताची खुर्ची उचलली. मिलिंद मदतीला धावला तर त्याला हातानेच थांबवलं. खुर्ची पॅसेजमध्ये दाराशेजारी ठेवली, गादी झटकली, आणि त्या रिकाम्या पॅसेजकडे तोंड करून, अगदी शाळेतल्या आवाजात, मराठीत म्हणाली:

"आमचे जोडे आम्ही करू. तुम्ही बसा आता. उद्या सगळ्यांना सुट्टी आहे, तुम्हालाही."

मिलिंदकडे बघायची माझी छाती झाली नाही. वाटलं, तो हसेल. पण तोही हात मागे बांधून उभा होता, शाळेत उभा असल्यासारखा.

सोमवारी सकाळी दाराबाहेर खुर्ची नव्हती. ती गॅलरीत होती, कठड्याला लागून, चौकातल्या झाडांकडे तोंड करून. गॅलरीच्या काचेच्या दाराला आतून कडी होती, वरच्या बाजूला, इतकी गच्च की ती काढायला मिलिंदला बुटाने ठोकावी लागली. मिस कॅरोलिन म्हणाली, मी हात लावलेला नाही. मला ते खरं वाटलं, कारण खुर्ची बघून तीच खाली बसली. वेताच्या खुर्चीवरची गादी मधोमध दबलेली होती, कोणी खूप वेळ आरामात बसून उठल्यावर दबते तशी. आमचे जोडे मात्र खोलीत जसेच्या तसे, बीचच्या वाळूसकट. आईने खुर्ची बघितली, मान हलवली आणि दात घासायला गेली.

परतीच्या वाटेवर, हायवेला लागल्यावर, ती बोलायला लागली. कोणी काही विचारलं नव्हतं. "तुझे बाबा त्या दिवशी सकाळी बाजारातून आले," ती म्हणाली. "दमलेले दिसत होते. पिशव्या ठेवल्या अन् लगेच कूलर माळ्यावर टाकायचं काम काढलं. मी बघत होते. पण बसा म्हटलं नाही मी. काहून नाही म्हटलं, काय माहीत." मग ती रडली. मिलिंदने हायवेच्या कडेला, शोल्डरवर, गाडी थांबवली. मी मागच्या सीटवर तिच्याजवळ जाऊन बसले, आणि शेजारून ट्रक जात राहिले, आमची गाडी हलत राहिली. खूप वेळ. त्यानंतर तिला भूक लागली.

जुलैत आई नागपूरला परत गेली. आता फोनवर इतकी बोलते की मलाच फोन ठेवायचं निमित्त शोधावं लागतं.

मिलिंद म्हणतो, जुन्या घरांत आणखी एखादा रस्ता असतो, आपल्याला दिसला नसेल. असेलही. पण त्या रस्त्याने चांभाराचं सामान घेऊन कोण आलं, आणि आतून कडी असलेल्या दारातून खुर्ची कोणी नेली? मी खूप डोकं लावलं, अजूनही लावते, आणि तुमच्यापैकी कोणाला खोट सापडली तर मला खरंच ऐकायला आवडेल.

गेल्या आठवड्यात मी आईला विचारलं, आता तरी भुतांवर विश्वास बसला का? ती चिडलीच. भूत-बित काही नसतं, म्हणाली, एवढं शिकून तू असं विचारतेस? मी म्हटलं, मग त्या दिवशी पॅसेजमध्ये तू कोणाशी बोललीस?

"काम करत होतं न कोणीतरी," आई म्हणाली. "त्याला बसा म्हणायला विश्वास काहून लागतो?"