आधी वाचा, मग सही

पुराणिककाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, वृंदाने फोनवर सांगितलं. "ताई, बाबा गेले... झोपेतच." मी इंदूरच्या पलासिया भागात बँकेच्या रांगेत होते. रांग सोडून बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. काका माझे नात्याने कुणीच नव्हते. मी कॉलेजात असताना पालिकेच्या कचेरीत दोन महिने प्रशिक्षणाला होते, तेव्हा ज्यांच्या टेबलापाशी मला बसवलं ते हे लिपिक.

इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. कॉलेजात आम्हाला उदारीकरण शिकवत होते आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. काका मला 'कलेक्टरीणबाई' म्हणायचे. टेबलाच्या खणात जीरावणाची, म्हणजे पोह्यांवर घालायच्या इंदुरी मसाल्याची बाटली असे. पोहे तर सोडाच, डब्यातल्या वरणभातावरही ते भुरभुरवायचे. त्यांची एक सवय मला भारी वेळखाऊ वाटे. कुणाचाही फॉर्म आधी पेन्सिलीने भरायचा, मग त्या माणसाकडे तोंड करून फिरवायचा आणि म्हणायचं, "पहले पढ़ लो भिया, फिर साइन." वाचता येत नसेल, तर स्वतः वाचून दाखवायचे. बाहेर ही रांग लागलेली!

परदेशीपुरा या गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या एका गल्लीत घरोघरी नळ द्यायचे होते. त्याचे फॉर्म भरायला मला पाठवलं. मी थेट शाईने भरत सुटले. मोहिते नावाच्या विणकराच्या घरी आले, त्यांची गिरणी वर्षभर बंद होती. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं, 'बेरोजगार'. मोहित्यांनी वाचलं आणि कागद परत दिला.

"सही नाही करणार."

"पण मोहितेकाका, मिल तर बंद आहे ना?"

"मिल बंद आहे. मी विणकर आहे."

मोहितेकाकू गुडघे धरत कोपऱ्यावरच्या हातपंपावरून पाणी आणायच्या. शनिवारपर्यंत सही झाली नसती, तर यादीतून त्यांचं घर गळलं असतं. मी कचेरीत येऊन तणतणले, "हटवादी माणूस आहे!" पुराणिककाकांनी एक कोरा फॉर्म घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "चला कलेक्टरीणबाई."

मोहित्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी एकेक रकाना विचारून भरला. व्यवसाय विचारला तेव्हा मोहिते म्हणाले, "विणकर." काकांनी तेच लिहिलं. फॉर्म फिरवून त्यांच्यापुढे धरला. मोहित्यांनी बोट ठेवत सगळा वाचला, त्या एका शब्दावर बोट जरा जास्त वेळ राहिलं. मग म्हणाले, "द्या पेन." मला इतकी लाज वाटली, की परतताना मी काकांच्या चार पावलं मागेच चालत राहिले. पुढे त्या गल्लीत नळ आले. गिरणी काही सुरू झाली नाही.

नंतर मी नोकरीला लागले, काका निवृत्त झाले. येते, येते म्हणत राहिले आणि वर्षातून एकदा गेले तर गेले. याचं मला आता फार वाईट वाटतं.

गेल्या पंधरवड्यात पुराणिककाकूंना घेऊन पालिकेत काकांच्या मृत्यूची नोंद करायला गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "क्या करते थे?" काकू गोंधळल्या. "अब तो... घर पर ही थे." की-बोर्ड खडखडला. "प्रिंट निकाल रही हूँ, साइन कर देना, माताजी."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मॅडम, ज़रा स्क्रीन इधर घुमाइए. पहले पढ़ लेंगे."

बाईंनी कपाळाला आठी घातली, पण स्क्रीन फिरवली. काकूंनी पदराने चष्मा पुसला आणि पुटपुटत वाचायला लागल्या. नाव, वय, पत्ता... व्यवसायापाशी थबकल्या. तिथे लिहिलं होतं, 'कुछ नहीं'.

"लिपिक लिखो, बेटा," काकू म्हणाल्या. "लिपिक थे वो."

बाईंनी शब्द बदलला आणि छापलेला फॉर्म पुढे सरकवला. काकूंनी तो पुन्हा एकदा वाचला. मग माझ्याकडे हात पुढे केला.

"दे पेन."