बीळ बुजवायचं ते खाडीकडून

लढाईची वर्षं होती. नवघरहून लग्न होऊन मी मुर्ध्याला आले, तेव्हा सासऱ्यांनी मला दागिना दाखवावा तसा बांध दाखवला. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. मधे पुरुषभर उंचीची माती, बस्स. बाहेरचे तिवर सरपणासाठीसुद्धा तोडायचे नाहीत, कारण लाटेचा पहिला मार ते खातात. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी भरतीला पाण्याच्या जोराने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी बाहेर सोडते. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. माहेरी आमची शेतं खाडीपासून लांब होती, त्यामुळे मी नुसती हो हो करत राहिले.

बांध घरागणिक वाटलेला असे. उघाडीपासून वळणापर्यंतचा आमचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून तो माझ्याकडे आला. काम एकच, रोज चालत जायचं आणि खेकड्यांची बिळं शोधायची. सासरे म्हणत, "बीळ खाडीकडून खनायचं, चिकनमाती ठोकून भरायचं. आतून लिंपलंस त नुसतं दिसाला बरं." मला मात्र त्या रपेटीचीच गोडी लागली. घरात डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. बांधावर मी, वारा आणि बगळे. असं मोकळं चालणं मला पुढे कधी मिळालं नाही.

तिसऱ्या श्रावणात, नागपंचमीच्या सकाळी, वळणाजवळ मला बीळ दिसलं. मूठ जाईल एवढं. त्या दिवशी जमीन खणायची नसते, हे तर शेंबडं पोरही जाणतं. भाऊ मला माहेरी न्यायला येऊन ओट्यावर बसला होता. मी आतूनच चिखल दाबला आणि वरून हात फिरवून असा गुळगुळीत केला की सारवलेल्या ओट्याने लाजावं. आल्यावर नीट खणू, असं मनाशी म्हटलं. पण पंचमीचं नाव कशाला घेऊ? खणायचं नव्हतं, तरी घरी सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर माहेरी जाणं राहिलं असतं. शिवाय अंगावर नवं लुगडं होतं आणि खाडीच्या बाजूला मांडीभर चिखल.

माहेरी दहा दिवस झोके घेतले. नारळी पुनवेच्या उधाणाला बांध फुटला.

मी परतले तेव्हा अख्खा गाव वळणावर उभा होता. लावलेलं भात खाऱ्या पाण्यात, आमचं आणि शेजारच्या दोन घरांचंही. कोणी उधाणाला बोल लावत होतं, कोणी नशिबाला. माझ्याच्याने ऐकवेना. मी म्हणाले, "बीळ मी पाहिलं होतं. आतून लिंपलं नि माहेरी गेले." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फावडं उचललं आणि भगदाडाकडे निघून गेले. सासूबाई आठवडाभर मला बोलत होत्या, ते बरं वाटायचं. सासरे मात्र अवाक्षर बोलले नाहीत.

बांध दिवाळीनंतर नीट भरला. वैशाखात गावकी बसली, पुन्हा वाटे ठरायला. आमचा वाटा दुसऱ्या कोणाकडे द्यावा, असंच सगळ्यांचं मत पडलं. मी दाराआड उभी होते. सासरे म्हणाले, "तिलाच द्या. एकदा चुकलीय. आता तिच्याएवढी धास्ती दुसऱ्या कोनाला असनार न्हाय." तोंडाला पदर लावून मी पोटभर रडले.

खारावलेली जमीन घाईला भीक घालत नाही. पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, मीठ उतरू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. पहिल्या पावसाळ्यात गवतसुद्धा उगवलं नाही. दुसऱ्यात तांबडं खारं भात तेवढं आलं. सासरे चिमूटभर माती जिभेवर ठेवून थुंकत आणि मान हलवत. त्यांना त्या शेतात पुन्हा कोलम बघायचा होता, बाकी कशाचीही आस उरली नव्हती. मी दिवसाला दोनदा बांध चालायला लागले. पोटुशी होते तेव्हाही चालले. खाडीकडून चिखलात उतरले, खणलं, ठोकलं. ते लांबून बघत. जेवायला वाढलं की पानाकडे बघून जेवत, कामापुरतं बोलत, आणि त्या बिळाचा विषय कधी म्हणून काढत नसत.

तिसरा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. चैत्रातच गेले.

कोलम चौथ्या वर्षी कणसावर आला. आता तिथे बांध कुठला नि शेत कुठलं, इमारतींच्या दाटीत मला वळणाची जागाही सापडत नाही. त्या वर्षीचा भात मात्र मला दिसतो. सासूबाईंनी पहिलं पान सासऱ्यांच्या नावाने काढून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जेव गो, तुझ्या हातचा हाय." चार वर्षं मी बांध राखला तो भातासाठी, असं सगळे समजत होते. मला हवं होतं की सासऱ्यांनी एकदा, एकदाच, माझ्यावर ओरडावं. कामापुरतं बोलूनच ते गेले. ते ओरडणं मला अजून हवं आहे.